ओ देणारं पेव

दिवाळी होऊन गेली की धामणसड्यावर पाहुणे येतात, आणि आले की एक गोष्ट पाहून त्यांना हमखास हसू येतं. सड्याच्या, म्हणजे या कातळी पठाराच्या, कडेला धामणीच्या झाडांची राई आहे. राईच्या अलीकडं जांभ्याच्या उघड्या कातळात मोठाल्या परातींसारखे, तोंड रुंद असलेले खोल खड्डे आहेत. त्या दिवसांत गवळी-धनगरांची पुरुषमाणसं खड्ड्यात उतरून पाला तुडवत असतात आणि बायका वरून भारे लोटत असतात. मधूनच एखादी बाई काठाशी येते, कमरेवर हात ठेवते आणि नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारते. अहो नाही, जाहो नाही. "बमू!" असं ती ओरडली की खालून बमू ओरडतो, "सगू!" मग ती पुढचा भारा लोटते. नातवंडं झालेल्या बायकासुद्धा हेच करतात, आणि एरवी याच बायका कागदावर लिहायला नवऱ्याचं नाव सांगायची वेळ आली तरी शेजारणीला पुढं करतात.

पाहुणे मोबाईल काढतात. हा उखाण्याचा काही प्रकार आहे का, असं विचारतात. बायकांना उत्तर द्यायला सवड नसते, म्हणून ते काम काठाशी बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याकडं येतं. म्हातारा आधी बजावतो की हसायचं तर पोटभर हसा, पण इथं असेपर्यंत एकमेकांना अहो म्हणून हाक मारू नका. नावानं मारा. नाव ठाऊक नसेल तर जवळ जाऊन खांद्याला हात लावा. एवढं ऐकल्यावर पाहुण्यांचं हसू थोडं कमी होतं, आणि मग तो गोष्ट सांगायला लागतो.

फार जुन्या काळी सड्यावर पाला मुरवायची चाल नव्हती, असं सांगतात. पावसाळ्यात इथं गवत गुडघाभर वाढतं, पण कातळावर मातीच चिमूटभर, त्यामुळं दिवाळीनंतर ते बघता बघता करपून जातं. फाल्गुन आला की म्हशींच्या बरगड्या दिसायला लागत आणि चैत्रात दोन-चार घरांच्या दावणी रिकाम्या होत. लोक म्हशी घेऊन खाली कोकणात उतरत. परत येताना कळप लहान झालेला असे. सड्याची रीतच आहे, असं म्हणून माणसं गप्प बसत.

इथल्या धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, ठकू नावाची सून होती. तिचा नवरा धुळू, धाकटा दीर बिरू आणि सासू कोंडाई. ठकू हाडाची चौकस. इतरांच्या म्हशी कुठं चरतात ते गुराख्यांना ठाऊक असे, पण कुठली म्हैस काय हुंगून पुढं गेली आणि कशापाशी थांबली हे ठकूला ठाऊक असे. एका उन्हाळ्यात तिची म्हैस कातळातल्या एका भेगेपाशी थांबली आणि तोंड घालून चाटायला लागली. ठकूनं हात घालून पाहिलं. पावसात धामणीचा पाला वाहून भेगेत जाऊन बसला होता, वर गाळ दाबला गेला होता आणि आतला पाला काळपट, ओला, लोणच्यासारखा आंबट वासाचा झाला होता. सडला नव्हता, मुरला होता. म्हशीनं तो चाटूनपुसून खाल्ला आणि संध्याकाळी दूध जास्त दिलं.

ठकूनं हे नवऱ्याला सांगितलं. धुळू मनमोकळा माणूस, बायकोचं ऐकण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. खाली देशावर धान्य साठवायला पेवं खणतात हे त्यानं पाहिलं होतं. तोंड लहान, आत पोट मोठं, वरून चिखलानं लिंपून टाकलं की वर्षभर वारा शिरत नाही. त्यानं तसंच एक लहानसं पेव जांभ्यात खणलं. दोघांनी मिळून धामणीचा पाला ओरबाडला, अर्धा दिवस सुकवला, थोडं मीठ आणि ताक शिंपडत आत दाबून भरला आणि तोंड लिंपलं. चैत्रात उघडलं तेव्हा आंबट वास सगळ्या वाड्यावर पसरला आणि म्हशी दावी तोडून धावत आल्या, असं म्हणतात. त्या वर्षी धुळूची एकही म्हैस दगावली नाही. सगळा वाडा ठकूला शहाणी म्हणायला लागला, आणि तिलाही ते आवडलं. आवडणारच. कुणाला आवडत नाही?

पुढच्या वर्षी धुळूनं मोठं पेव खणलं. उभं राहून हात वर केला तरी तोंडाला लागणार नाही इतकं खोल, आणि पोट तर एखाद्या खोपटाएवढं. वाड्यातले जाणते तेव्हा त्याला म्हणाले होते, "धुळ्या, भुईला यवडं प्वाट करू नगं. प्वाट केलं की भूक लागती." धुळू हसला. म्हणाला, "भूक लागली तर पाला हायच की."

भरणं सुरू झालं. एका दिवसात संपण्याएवढं ते काम नव्हतं. धुळू आत उतरून तुडवायचा, ठकू राईतून भारे आणून तोंडातून आत सोडायची. आत अंधार, काही दिसायचं नाही. म्हणून भारा टाकण्याआधी हाक मारायची असं ठरलं, नाहीतर फांदी डोक्यात बसायची. ठकू हाक काय मारणार? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे कोंडाईनं तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून ते नाव तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. ती पेवाच्या तोंडाशी वाकायची आणि म्हणायची, "अवो!"

"ओ!" आतून यायचं. "टाक! पर जरा दमानं. म्या काय म्हस न्हाई." असं काहीतरी बोलून तो पुढं शिव्याही घालायचा, डास चावतात म्हणायचा, तंबाखू मागायचा. ठकू हसत भारा सोडायची. पहिल्या दिवशी अंधार पडायच्या आत निम्म्याहून कमी पेव भरलं. धुळू दोर धरून वर आला तेव्हा त्याच्या अंगाला ऊब लागत होती. आतला पाला आत्ताच तापायला लागलाय, असं तो म्हणाला. रात्री पेवाच्या तोंडावर त्यांनी सागाची पानं झाकली.

दुसऱ्या सकाळी सड्यावर दाट धुकं होतं. ठकूला म्हशींची धार काढायची होती, म्हणून धुळू पुढं गेला. धारा काढून, राईतून पहिला भारा घेऊन ठकू पेवापाशी आली तेव्हा सागाची पानं बाजूला सारलेली होती. तोंडाशी त्याची पायताणं आणि घोंगडी पडली होती. तोंडातून मऊ वाफ वर येत होती, आणि वास ताकासारखा आंबट, पण त्यात काहीतरी जड होतं, नाकात जाऊन बसणारं.

"अवो, उतरलासा का?"

"ओ."

तिनं भारा सोडला आणि दुसरा आणायला गेली. परत आली, हाक मारली, ओ आली, भारा सोडला. दुपारपर्यंत हेच चाललं. आज हा बोलत का नाही, हा विचार तिच्या मनात आला. आदल्या संध्याकाळी तिनं त्याच्यावर जरा आवाज चढवला होता, म्हणून रुसला असेल असं तिला वाटलं. रुसलेल्या नवऱ्याची समजूत भारे टाकता टाकता कशी काढायची? संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि खरवस देऊ, म्हणजे येईल ताळ्यावर, असं तिनं ठरवलं आणि ती राईकडं वळली.

उन्हं कलली तेव्हा पाला पेवाच्या गळ्याशी आला होता.

इथं म्हातारा थांबतो आणि पाहुण्यांकडं बघतो. पाला तुडवणारा माणूस पाल्याबरोबर वर येत जातो. पाला गळ्याशी आला तर त्याचं डोकं तोंडाबाहेर दिसायला हवं. ठकूच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिच्या काखेत शेवटचा भारा होता. तिनं तो खाली ठेवला. पेवाच्या तोंडात हिरवा पाला होता, न तुडवलेला, फुगलेला, आणि त्याच्यावर कुणी नव्हतं. ती गुडघ्यावर बसली आणि अगदी हळू आवाजात, स्वतःलाच विचारावं तशी म्हणाली, "अवो?"

"ओ," पाल्याच्या खालून आलं.

ठकूची किंकाळी वाड्यावर ऐकू गेली. बिरू आणि चार-पाच गडी धावत आले. हातानं, कोयत्यानं, टोपल्यांनी ते पाला बाहेर उपसायला लागले. पेव वरून बरंच रिकामं झालं तशी आतून ऊब यायला लागली आणि बिरू तोंडातून खाली वाकला. थोड्याच वेळात त्याचे पाय लटपटले, गड्यांनी त्याला कमरेला धरून मागं ओढलं. तो पांढराफटक पडला होता, पण श्वास सावरताच पहिलं वाक्य बोलला ते हे, "दादा हाय खाली. म्या ऐकलं. वैनी, पुना हाक मार."

ठकूनं हाक मारली. ओ आली. बिरूनं "दादा" म्हणून हाक मारली, तर काहीच आलं नाही. बाकीच्यांनी मारली तरी नाही. म्हणजे त्याच्यात फारसा दम उरला नाही, बायकोच्याच हाकेला तेवढा बोलतोय, असं त्यांनी धरलं. आता वेळ दवडायला नको. बिरूनं कमरेला दोर बांधला. आपण आत उतरतो, पाला बाजूला सारून दादाला बांधतो, तुम्ही ओढा. वैनी हाक मारत राहील, म्हणजे तो कुठल्या बाजूला आहे ते कळेल.

बिरूनं पाय आत सोडले. ठकू तोंडाशी बसली होती आणि तिनं हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. सकाळपासूनच्या सगळ्या ओ तिला एकदम आठवल्या, असं सांगतात. सगळ्या सारख्याच होत्या. सकाळची जेवढी लांब होती तेवढीच आत्ताची. जवळ नाही, दूर नाही, थकलेली नाही. पाल्याखाली गाडलेला माणूस वर बायकोचा आवाज आल्यावर नुसती ओ देऊन गप्प बसेल? काढ म्हणणार नाही? ठकू म्हणणार नाही? आणि तिला हेही कळलं की ती दिवसभर जे ओरडत होती, त्या 'अवो'चाच शेवट तिला परत मिळत होता. शिकायला सोपी हाक होती ती. कुणीही शिकलं असतं.

पण खात्री कशी करायची? एकच उपाय होता आणि तो तिच्या जिभेवर येत नव्हता. माणूस जिवंत असेल तर आपल्या नावाला ओ देईलच, तेही बायकोच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेल्या नावाला. पण नाव घेतलं आणि तो खरंच खाली शेवटच्या श्वासावर असला, तर त्याचं उरलेलं आयुष्य तीच तोडणार होती. नाव घेतलं नाही तर बिरू आत जाणार होता, आणि बिरूच्या मागं दोर धरलेला गडी, आणि त्याच्या मागं आणखी एक. बिरूचं डोकं तोंडाखाली गेलं.

"धुळू," ठकू म्हणाली.

मग तिनं दोन्ही हात कातळावर टेकले आणि सगळ्या सड्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. "धुळू! धुळू झोरे!"

खालून काही आलं नाही. गडी दोर धरून उभे होते. ठकूनं दोर आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "भावजींना वर घ्या. वो देतोय त्यो ह्ये न्हवंत. जो आत हाय त्याला ह्यांचं नावच ठावं न्हाई."

बिरूला वर ओढला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते, पण श्वास चालू होता. त्याला कातळावर निजवून गडी वारा घालत होते. आणि तेव्हा, कुणीही न बोलावता, पेवातून स्वच्छ आवाज आला.

"ओ."

माणसं बिरूला उचलून पळाली. ठकूही पळाली, असं सांगतात, आणि त्याबद्दल तिला कुणी कधी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सगळ्या वाड्यानं मिळून ते पेव दगडांनी बुजवलं. धुळूचं प्रेत बाहेर काढायचं धाडस कुणाला झालं नाही.

कुणी म्हणतं पेव म्हणजे सड्याच्या जागेवाल्याचं, तिथल्या राखणदाराचं, तोंड होतं आणि त्यानं आपला हिस्सा घेतला. कुणी म्हणतं तापलेल्या पाल्यातून जड वारं निघतं, ते आत साठतं आणि उतरणाऱ्याचा जीव घेतं. तुमच्यातला शिकलेला कुणी हे दुसरं आधीच मनात म्हणाला असेल. म्हणू दे. सड्यावर दोन्ही खरं मानतात आणि दोन्हींची काळजी घेतात. पेवं तेव्हापासून रुंद तोंडाची झाली, आणि आदल्या दिवसाच्या पाल्यावर उतरण्याआधी फांद्यांनी आतलं वारं हुसकून लावायचं हे तेव्हापासून आलं.

पण नावाचं मात्र ठकूनं ठरवलं नाही. ते ठरवलं कोंडाईनं.

कोंडाईला त्या दिवशी ताप होता, ती वाड्यातच होती. मुलगा गेला हे तिला कळलं आणि पाठोपाठ सुनेनं त्याचं नाव घेतलं हेही कळलं. तिच्या लेखी हिशोब सरळ होता. "माझं पोर वो देत हुतं. हिनं नाव घेतलं आन त्यो गप झाला." बिरूनं शंभरदा समजावलं, म्हातारीनं ऐकलं नाही. ती ठकूच्या हातचं खायची, ठकूनं अंथरलेल्या घोंगडीवर निजायची, पण तिच्याशी बोलायची नाही. एका घरात दोन बायका, दोघींचं माणूस एकच गेलेलं, आणि मधे शब्द नाही. असं कैक वर्षं चाललं. ठकूनं बिरूच्या बायकोबरोबर पुन्हा पाला मुरवला, म्हशी जगवल्या, पण त्या बुजवलेल्या पेवाकडं ती पाठ करूनच बसायची.

कोंडाईचे दिवस भरत आले तेव्हा तिनं एका दुपारी सुनेला जवळ बोलावलं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली. "मला तितं न्हे. म्या हाक मारली तर त्यो वो द्यायचा न्हाई. तुझ्या हाकंला देतो. एकदा मार. मला त्येचा आवाज आयकून जायाचं हाय."

ठकूनं पुष्कळ नाही म्हटलं. मग म्हातारीला पाठुंगळी घेतलं आणि भर उन्हात सड्यावरून चालत गेली. दगडांच्या ढिगापाशी तिला उतरवलं. धुकं नव्हतं, वारा नव्हता, टिटवीसुद्धा ओरडत नव्हती. ठकूनं डोळे मिटले आणि इतक्या वर्षांत तोंडातून न काढलेली हाक काढली. "अवो!"

"ओ."

दगडांच्या खालून आली, तशीच, तेवढीच. ठकूनं डोळे उघडले तर कोंडाई ढिगाकडं मान वाकडी करून बघत होती. "पुना," ती म्हणाली. ठकूनं पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली. कोंडाईनं हात पुढं करून सुनेचा हात धरला.

"ह्यो माझा न्हवं," कोंडाई म्हणाली. "आवाज त्येचाच हाय. पर ह्यो माझा धुळू न्हवं. माझ्या पोराला तुझी हाक आयकून नुसती वो दिऊन गप बसवलं नसतं." मग ती म्हणाली, "म्याच तुला नाव घेऊ दिलं न्हाई. सकाळीच घेतलं असतंस तर सकाळीच कळलं असतं." ठकू तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हातारी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि ढिगाकडं पुन्हा तिनं पाहिलं नाही.

वाड्यावर परत आल्यावर कोंडाईनं सगळ्या सासवांना बोलावलं आणि सांगितलं की पेवाच्या काठावर सुनेनं नवऱ्याचं नाव घ्यायचं. मोठ्यानं घ्यायचं. आणि आतल्या माणसानं नुसती ओ द्यायची नाही, वरच्या बाईचं नाव घ्यायचं. जो नाव घेईल तो आपला. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही.

म्हणून धामणसड्यावर आजही नवी सून पहिल्यांदा पेवाच्या काठाशी उभी राहते तेव्हा लाजते, पदर तोंडाशी नेते, आणि तिची सासूच तिला मागून ढकलून म्हणते, "घे की नाव. मोठ्यांदी घे." ती घेते. खालून तिचं नाव येतं. सगळ्या हसतात, आणि त्यांचं ते हसणं तुमच्या हसण्यासारखं नसतं.

दगडांचा ढीग राईच्या टोकाला आहे. पेवं भरून झाली की घरी जायची वाट त्याच्याच बाजूनं जाते. तिथं कुणी थांबत नाही, कुणी हाक मारत नाही. तरीही एखाद्या संध्याकाळी, म्हणे, हाक न मारताच तिकडून ओ येते. तेव्हा बायका एकमेकींकडं बघत नाहीत. आपापल्या माणसाचं नाव मोठ्यानं घेत, आणि पुढून आपलं नाव येईपर्यंत घेत, त्या वाड्याकडं चालत राहतात.